डावीकडचे डबे

४ डिसेंबर १९८८, रविवार

बॅटरीवाल्याने दिलेली ही डायरी वर्षभर कोरीच राहिली. आजपासून लिहितो. एकाच गाडीवर दोन-अडीच महिने काम करायचं आहे, आणि कुठला नट कधी खोलला हे आता माझ्या लक्षात राहत नाही.

आज दुपारी रावेरहून केळीच्या ट्रकवर लादून मेव्हण्यांची गाडी आली. मेव्हणे म्हणजे पुष्पाचे थोरले भाऊ, अभिमनभाऊ. गाडी एम.जी.ची, अठ्ठावन्न सालची, दोन सीटची, डोक्यावर टप नाही, चाकांना सायकलसारख्या तारा. एकोणसत्तर साली भुसावळच्या रेल्वेतल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा भाऊंनी ती घेतली. एकाहत्तर साली नाशिककडच्या डोंगरचढणीच्या शर्यतीत तिच्यावर दुसरा नंबर काढला. रावेर तालुक्यात अजून लोक त्यांना 'रेसवाले' म्हणतात. नंतर केळी, बोअरिंग, घरातली लग्नं. गेली आठ वर्षं गाडी शेडमध्ये खतांच्या गोण्यांशेजारी उभी होती.

धुळ्याच्या हौशी मोटार मंडळाने १२ फेब्रुवारीला ऑटोक्रॉस ठेवलंय. मुरमाच्या मैदानात खुणा मांडायच्या, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. खूण पाडली की पाच सेकंद दंड. भाऊंनी फॉर्म भरूनही टाकला.

मी म्हटलं, "भाऊ, हिला उभं करायलाच सहा महिने हवेत. पुढच्या वर्षी उतरवा."

"नही पाव्हणे. पळवायची तर यंदाच."

पैसेवाल्या शेतकऱ्याची घाई. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. दिवसभर ट्रॅक्टर आणि टेम्पो करून कंबर लाकडासारखी होते. पण बायकोच्या भावाला नाही कसं म्हणायचं?

७ डिसेंबर

इंजिन उतरवलं. एक समाधान, की हे आपल्या ॲम्बेसिडरच्याच घराण्यातलं आहे. पिस्टन, रिंगा, गॅस्केट इथेच जळगावात मिळतील. बाकी रबराची एकूण एक वस्तू बिस्किटासारखी तुटते. सीटच्या मागे घुशीचं घर निघालं.

१५ डिसेंबर

सकाळी गॅरेज उघडण्याआधी लिहितोय. संध्याकाळी हात उचलत नाही.

भाऊ आठवड्यातून दोनदा येतात. पूर्वी स्वतः जीप चालवत यायचे, आता एस.टी.ने येतात. म्हणतात, "जीप चालवायचा कंटाळा आला." गाडी पळवायची हौस आहे आणि जीपचा कंटाळा. काल अजिंठा चौफुलीवर उतरले तेव्हा मी डाव्या बाजूने हात केला, हाकही मारली. ट्रकच्या गोंगाटात ऐकू आलं नसेल, पण बघायचं तरी. सरळ पुढे निघून गेले. मी मागे पळत गेलो. मोठ्या माणसांचं असंच.

२५ डिसेंबर, रविवार

काल इंजिन सुरू झालं. दोन कार्बोरेटर आहेत, दोन्हींचा श्वास सारखा यावा लागतो. कानाला रबरी नळी लावून दोन तास ऐकत बसलो. तिसऱ्या प्रहरी आवाज जुळला. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप आली.

आज रावेरला भाऊंच्या मळ्यात भरीत होतं. कुंदावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, काड्यांवर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. पन्नासेक माणसं. जेवताना भाऊंचा धक्का लागून पाण्याचा तांब्या कलंडला, थोड्या वेळाने ताकाचा पेला. वहिनी हसून म्हणाल्या, "यांचं ध्यान आता त्या गाडीत." पुष्पा हसली नाही. तिने उठून भावाचं ताट जरा उजवीकडे सरकवलं आणि पेला उजव्या हाताशी ठेवला. बहिणीचं प्रेम.

शेजारच्या मळ्यातले झुलाल आबा डाव्या अंगाला बसले होते. त्यांनी दोनदा विचारलं, "अभिमन, बोलत का नही रे?" तेव्हा भाऊ अख्खे वळले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही कधी आले?"

१ जानेवारी १९८९, रविवार

पाळधीच्या अलीकडे कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग आहे. त्याच्या मागचं मोकळं मैदान मिळालं. रॉकेलचे चौदा रिकामे डबे चुना लावून मांडले. मंडळाने पाठवलेल्या कागदावरची वळणं जमतील तेवढी काढली.

भाऊ बसले आणि माझी छाती भरून आली, हे लिहायला हवं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, पण पहिल्या वळणाला गाडी अशी फिरवली की धूळ पंख्यासारखी उघडली. ब्रेक कधी, ॲक्सिलरेटर कधी, काही शोधावं लागत नाही. हात आपोआप जातात.

पण पाच फेऱ्यांत नऊ डबे पडले. आणि नऊच्या नऊ डावीकडचे.

म्हणजे गाडी डावीकडे ओढते. पुढचं अलाइनमेंट किंवा डाव्या ब्रेकचा ड्रम. उद्यापासून बघतो.

३ जानेवारी

सुतळी बांधून चाकं मापली. फरक नखाएवढा. तोही काढला. दोन्ही टायरॉड नवीन घातले. पुढची दोन चाकं जीवराम सायकलवाल्याकडे नेली. तारांचं काम त्याच्याइतकं कोणाला येत नाही. त्याने चाक फिरवून बोटाने तपासलं आणि म्हणाला, "शालिग्रामभाऊ, हे चाक बरोबर आहे." मी म्हटलं, तरी ताण दे. त्याने दिला.

८ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच. सात डबे, सगळे डावीकडचे.

मी स्वतः चालवून पाहिली. सुतासारखी सरळ. स्टिअरिंग सोडून दिलं तरी सरळ. पण मी चालवतो बैलगाडीच्या वेगाने. बिघाड वेगातच दिसत असणार.

भाऊ म्हणाले, "पाव्हणे, गाडीत काही नही. तुम्ही उगा शिणू नका."

माझी समजूत घालतात. काम जमलं नाही असं तोंडावर म्हणवत नसेल. त्याचाच जास्त त्रास होतो. पंचवीस वर्षं हातात पाना आहे. एक ओढणारी गाडी सरळ करता येत नसेल तर काय उपयोग?

घरी पुष्पाला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "तुम्हीच का नाही चालवत मग, धुळ्याला?"

मी म्हटलं, "माझी चेष्टा नको करू."

"चेष्टा नाही केली," ती म्हणाली. पुढची भाकरी तव्यावर टाकली.

१४ जानेवारी, संक्रांत

आज तरी गॅरेज बंद ठेवा, पुष्पा म्हणाली. नाही ठेवलं. स्टिअरिंगचा रॅक तिसऱ्यांदा खोलला. आत काही नाही. स्वच्छ, घट्ट, नव्यासारखा. डाव्या ब्रेकचे लायनर बदलले, तेही गरज नसताना.

संध्याकाळी तिळगूळ देताना पुष्पाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "काही नाही. तुम्ही त्या गाडीखाली झोपून झोपून म्हातारे दिसायला लागलेत." मग म्हणाली, "शर्यत रद्द नाही का होत?" मला राग आला. इतकं करून रद्द?

२२ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

आज पुष्पा जेवणाचा डबा घेऊन मैदानात येणार होती. भाऊ तिसरी फेरी मारत होते. मी घड्याळ धरून सुरुवातीच्या रेघेशी. पुष्पा रिक्षातून उतरून मैदानाच्या कडेने चालत आली आणि आठव्या डब्याजवळ थांबली. तिथून मी तिला दिसत होतो. तिला वाटलं असेल, गाडी अजून लांब आहे.

भाऊंनी लांबचं वळण घेतलं आणि गाडी थेट तिच्या बाजूला आली. मी ओरडलो. ब्रेक लागला नाही. वेगही कमी झाला नाही. आठवा डबा उडाला आणि तिच्या पायाशी पडला. गाडी तिच्या पदराला वारा घालून गेली. वीतभर, फार तर दोन वीत. पुष्पा जागची हलली नाही. हातातला डबा तसाच.

भाऊंनी फेरी पुरी केली, तिच्यापासून चार हातांवर गाडी आणून थांबवली, उतरले, चेहऱ्यावरची धूळ पुसली. ती त्यांच्या डाव्या अंगाला उभी होती. मी धापा टाकत पोचलो. तोंडात शिवी होती. त्याआधीच ते म्हणाले,

"पाव्हणे, पुष्पी नही आली अजून? भूक लागली."

पुष्पा म्हणाली, "मी इथंच आहे रे भाऊ."

ते अख्खे वळले.

माझी शिवी तोंडातच राहिली. आम्ही तिघं जिनिंगच्या भिंतीच्या सावलीत बसलो आणि कोणी जेवलं नाही.

२३ जानेवारी

पुष्पाला सगळं माहीत होतं. जुलैपासून.

भाऊंना काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला, आणि कळला तोपर्यंत उशीर झाला होता, कारण दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेने अंधार आत येतो. उजव्याचाही काही भाग गेलाय. उरलेला टिकवायला रोज दोन वेळा थेंब टाकायचे, जन्मभर. तपासायला तिला घेऊन गेले होते, आणि दवाखान्याच्या पायरीवरच तिच्याकडून शपथ घेतली. कुंदावहिनींना नाही सांगायचं, मला नाही सांगायचं.

"मग मला गाडी करू दिलीस कशाला?"

"भावाची शपथ होती. आणि तुम्ही विचारलं का कधी? तुम्ही गाडीलाच विचारत राहिलात."

जीवराम चाक बरोबर म्हणाला होता. गाडीच्या मालकाने स्वतः सांगितलं, गाडीत काही नाही. तांब्या कलंडला, जीप सुटली, डावीकडून केलेला हात दिसला नाही. मी एवढं सगळं याच डायरीत माझ्या हाताने लिहून ठेवलंय. आज मागची पानं वाचली आणि लाज वाटली.

तिच्यावर रागही आहे. काल ती मेली असती.

२९ जानेवारी, रविवार

भाऊ आले. मी गाडीची किल्ली खिशात ठेवली होती. त्यांनी मागितली, मी दिली नाही.

ते म्हणाले, "धुळ्याले मैदानात मी एकटा असतो. लोक दोराच्या मागे. एक गाडी सुटते. कोनाले लागनार?"

"तुम्हाला लागेल."

"मले लागलं तर लागलं."

"आणि कुंदावहिनींना मी काय सांगू?"

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "पाव्हणे, मले दुसरं काय येते? केळी तर कोनीबी लावते."

मी म्हणालो, नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोंडावर नाही म्हणालो. मग ते बोलले ते लिहीत नाही. बायकोच्या माहेरच्या माणसाने जावयाला बोलू नये असं बोलले. उठून गेले. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटला. इतके दिवस असंच होत असणार. मला पहिल्यांदा दिसलं.

पुष्पा आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

१ फेब्रुवारी

गाडीवर कापड टाकून ठेवलं. दोन ट्रॅक्टर, एक मेटॅडोर केली. गाडीवर काम नाही तरी थकवा तेवढाच.

४ फेब्रुवारी

दुपारी भाऊ आले. एस.टी. स्टँडवरून पायी. माझ्याशी न बोलता गाडीवरचं कापड काढलं, घडी केली, नीट चौकोनी. मग डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. चालवणाऱ्याच्या शेजारच्या.

"चला," म्हणाले.

"कुठे?"

"मैदानात. आठ दिवस हाती आहेत. मंडळाले फोन केला होता. चालवनाऱ्याचं नाव बदलता येते, शेजारी एक माणूस चालते. फक्त दोघाले हेल्मेट पाहिजे."

मी म्हटलं, "भाऊ, मला नाही येत. मी गाड्या दुरुस्त करतो."

"मी शिकवतो. तुम्ही माझं ऐकता का तेवढं पाहा."

ऐकलं. दुसरं काय करणार? वळणात मी ब्रेक दाबायचो आणि ते मांडीवर चापट मारायचे. "नही. नुसता सोडा. गाडीले वळू द्या." सहा फेऱ्या मारल्या. मानेपासून टाचेपर्यंत सगळं दुखतंय. डबा एकही पडला नाही, पण वेळ अशी की धुळ्याचे लोक मध्ये चहा पिऊन येतील.

९ फेब्रुवारी

रोज दुपारी दोन ते चार मैदानात. गिऱ्हाइकं बोंब मारताहेत. काल दोघं ट्रॅक्टर दुसरीकडे घेऊन गेले.

भाऊ समोर पाहतच नाहीत. कान देऊन बसतात. इंजिनाचा आवाज चढला की "आता", उतरला की "दाबा". मी दोन तास नळी लावून जे ऐकलं ते त्यांना नुसतं बसून ऐकू येतं. आज एकदा म्हणाले, "पुढच्या उजव्या चाकाची तार ढिली झाली." मी उतरून बोट फिरवलं. झाली होती.

पुष्पा रोज येते. आता दोराच्या मागे उभी राहते. दोर तिने स्वतः बांधलाय.

१३ फेब्रुवारी, सोमवार

कालचं आज लिहितो. गॅरेज उघडलेलं नाही.

पहाटे निघालो. एरंडोल, पारोळा करत आठला धुळ्यात. मैदानावर चौदा गाड्या. फियाट, जिपा, नव्या मारुत्या. आमच्या गाडीभोवती गर्दी जमली. एका म्हाताऱ्याने बोनेटवर हात ठेवून विचारलं, "हाई गाडी कोनी शे, भाऊ?" मी भाऊंकडे बोट दाखवलं. म्हातारा म्हणाला, "बठ्ठा लोके मारुती देखाले उनात, आनि देखी ऱ्हायनात हाई." म्हणजे सगळे मारुती पाहायला आले आणि पाहताहेत हिला. भाऊ बऱ्याच दिवसांनी हसले.

सुरुवातीआधी मार्गावरून पायी फिरायला देतात. भाऊंनी माझा कोपर धरला आणि आम्ही सगळी वळणं चाललो. ते पावलं मोजत होते, मध्येच वाकून मुरूम चिमटीत घेऊन चोळत होते. दोन्ही अंगांनी दुसरे चालक चालत होते. त्यातल्या एकाने नाशिकची शर्यत आठवून त्यांना नमस्कार केला. तो डावीकडे होता. मी भाऊंचा कोपर हळूच दाबला. त्यांनी वळून नमस्कार घेतला.

पहिली फेरी दोन मिनिटं अकरा सेकंद. काही पडलं नाही, काही झालं नाही.

दुसऱ्या फेरीला भाऊ म्हणाले, "पाव्हणे, आता गाडी दुरुस्त करू नका. चालवा."

तिसऱ्या वळणाला त्यांनी "सोडा" म्हटलं आणि मी खरोखर सोडलं. मागची बाजू घसरली. पूर्वी लगेच ब्रेकवर पाय गेला असता. काल गेला नाही. गाडी स्वतःच वळली, मी नुसता हात दिला. पुढची पाच-सहा वळणं कशी गेली सांगता येत नाही. कंबर दुखत नव्हती एवढं आठवतं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा शेजारी पाहिलं. भाऊंचे दोन्ही डोळे मिटलेले. सगळी फेरी त्यांनी डोळे मिटून केली असावी.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक अठ्ठावन्न."

"दोन ठिकाणी तुम्ही भ्यायले. नही तर एक पंचावन्न होती."

चौदांत अकरावे आलो. मागच्या तिघांपैकी एकाची गाडी बंद पडली होती.

परतताना पारोळ्याच्या पुढे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, लघवीला. ते बसूनच राहिले. दोन्ही बाजूंना वेचणी संपलेली कपाशी. मग म्हणाले, "पाव्हणे, मले रावेरले सोडा. कुंदाले सांगायचं आहे. आज नही सांगितलं तर पुन्हा नही होनार माझ्यानं."

पुष्पा धुळ्याला एस.टी.ने आली होती, तशीच परस्पर घरी जाणार होती. आम्ही जळगावात न थांबता भुसावळवरून तसेच पुढे गेलो. उघड्या गाडीत वारा झोंबत होता. फैजपूरच्या पुढे त्यांनी एकदाच विचारलं, "तिनं विचारलं, एवढे दिवस का नही सांगितलं, तर काय म्हणू?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत, भाऊ. पुष्पाने मला सांगितलं नव्हतं. मी अजून रागावलेलोच आहे. पण त्या दिवसापासून जेवायला वाढते तेव्हा तिच्या हातांकडे बघतो."

त्यांनी मान हलवली.

घराशी पोचलो. ते म्हणाले, तुम्ही ओट्यावर बसा. मी बसलो. आतून पहिल्यांदा त्यांचा आवाज, मग वहिनींचा आवाज, हळू. मी रडण्याची, ओरडण्याची वाट पाहत होतो. पाय सुजल्यासारखे झाले होते. तिथेच डोळा लागला असता.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. डोळे लाल होते, पण आवाज रोजचा.

"पाव्हणे, ते थेंब दिवसातून किती वेळा टाकायचे असतात? हे धड सांगत नहीत."

"दोन वेळा," मी म्हणालो. "पुष्पा म्हणत होती, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा."

त्यांनी वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वासात झाले होते.

"म्हणजे आज उशीर झाला," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दिवा लावला.